फियाटचा हार

हसायचं आसंल तर नंतर हसा, आधी ऐका. आमची पांढरी फियाट मी वसमतच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला विकली. माय नवरी होऊन त्याच गाडीत घरी आली होती.

दसऱ्याला मायनं दरसालसारखे झेंडूचे हार ओवले. ट्रॅक्टरला एक, मोटारसायकलला एक, आन सवयीनं फियाटलाबी एक. त्याला तिनं लग्नातल्या हिरव्या शालूची चिंधी बांधली.

मी म्हणलं, "माय, गाडी कुठं राहिली आता?"

"तिच्या जागंवर टांग."

रिकाम्या शेडातल्या खुंटीला हार अडकवून मी जेवायला बसलो. ताटावरून उठायच्या आत व्यापाऱ्याचा फोन आला.

"भाऊ, हार घालून तसेच काहून गेले? चहा तरी घ्यायचा."

"शेठ, आमी तर घरीच हाव."

"मस्करी करून राहिले का? गेटाला आतून कुलूप हाय, आन गाडीला ताजा हार."

मी शेडात पळालो. खुंटी रिकामी. म्हणलं, बकरीनं खाल्ला आसंल. तरी विचारलं, "हाराला काय बांधलंय?"

"थांबा, बघतो... हिरवी चिंधी हाय. जरीची."

मी म्हणलं, "शेठ, गाडी परत देता का?"

मग तो हळूच म्हणला, "आजच न्या. मी ती भिंतीकडं तोंड करून लावली होती. आता गेटाकडं बघून राहिली."