आतोबांचे चाळीस सेकंद

…आणि वर घरचे मलाच विचारतात, "अहो, झालं का तुमचं?" काय झालं का? कसं होणार? सात आठवडे, तुम्हाला सांगतो, सात आठवडे आम्ही उभ्याने जेवतोय! ताट ओट्यावर, पाठ फ्रिजला, फ्रिज उघडायचा तर सगळ्यांनी सरकायचं… का? तर जेवायच्या टेबलावर आतोबा आहेत!

खरे नाहीत हो. माझ्या आत्याचे यजमान ते, खरे जाऊन अकरा वर्षं झाली. हे मातीचे, वीतभर उंचीचे. त्यांच्यापुढे काडेपेट्यांचं टेबल, त्यावर रुमालाचं कापड, डाव्या हातात पत्र्याची इवलीशी कात्री. आतोबा शिंपी. आणि डावरे, पक्के डावरे! त्यांची खरी कात्री आत्याच्या कपाटात आहे, आमच्या कुणाच्या हातात ती धड कापत नाही.

आत्या आमच्याकडेच असते. एकदा सहज म्हणाली, "बाबू, ह्यांचा एकच फोटो आहे रे, आणि त्यातही हात पाठीमागे. तोंड दिसतं रोज. हात मात्र आठवेनासे झालेत." आता सांगा, हे ऐकून माणूस गप्प बसेल? मी नाही बसलो. चुकलंच! म्हटलं, तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला आतोबा कापड कापताना दाखवतो. मला हा नाद नुकताच लागलाय, मातीची माणसं किंचित किंचित सरकवायची, दरवेळी फोटो काढायचा. बारा फोटो म्हणजे एक सेकंद. चाळीस सेकंद म्हणजे… जाऊ दे.

फोटो काढणं सोपं हो, पण ते जोडणार कोण? सॉफ्टवेअर! आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हे विचारायला मी गेलो आमच्या ऑफिसातल्या 'अपडेट'कडे. सगळे त्याला अपडेटच म्हणतात. तो हसला. "अरे, कुठलंही घे, दोन मिनिटांचं काम!" घेतलं. फुकटचं घेतलं. नव्वद फोटो काढले, बघतो तर काय, आतोबांच्या पोटावर त्या कंपनीचा हा एवढा शिक्का! आतोबा चालले, शिक्का चालला. अपडेट म्हणतो, "अरे ते? ते कोण वापरतं आता!" अरे, मग तेव्हा का नाही बोललास?

दुसरं घेतलं, मोठ्या लोकांचं. ते उघडलं आणि मला घामच फुटला. विमान उडवायचंय की कापड कापायचंय? इतकी बटणं! आणि त्याला माझा कॅमेराच दिसेना. मदतीला लिहिलं तर उत्तर येतं, "आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." महत्त्वाचा आहे ना? मग सोडवा की! पुन्हा लिहिलं, पुन्हा महत्त्वाचा. अपडेट म्हणतो, "अरे ते? ते कोण वापरतं आता!"

आणि या सगळ्यात टेबल हलवायचं नाही! आतोबा केसभर सरकले तरी पडद्यावर टुणकन उडी मारतात. म्हणून पडदे बंद, पंखा बंद, मुलीने खोलीतून जायचं तर चवड्यांवर. बायको म्हणते, "अहो, तुमचे आतोबा होते तेव्हा कधी एवढा त्रास दिला नाही हो त्यांनी!" खरंय. मी तरी काय करू? आम्ही आपले उभ्याने जेवतोय.

शेवटी तिसरं मिळालं. तीस दिवस वापरा, मग कुलूप. पण काय गुणी म्हणून सांगू! आधीचा फोटो पुसट दाखवतं, त्यावर नवा बरोब्बर बसवायचा. एकच खोड, मी आतोबांना डावीकडे सरकवलं की पडद्यावर ते उजवीकडे जातात. पहिले दोन दिवस डोकं भणभणलं, मग झाली सवय, आरशात बघून दाढी करतोच की आपण. एकोणतिसाव्या दिवशी चाळीस सेकंद पुरे! शिक्का नाही, उडी नाही.

वाढदिवस. आत्याला खुर्ची दिली. बायको टेबल पुसायचं फडकं हातात घेऊनच उभी. लावलं. आतोबा आले, कापड झटकलं, खडूने रेघ मारली, कात्री चालवली… करकर, करकर. आत्या पुढे वाकली. संपलं. म्हणाली, "पुन्हा लाव." लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी, तुम्हाला खोटं कशाला सांगू.

मग ती हळूच म्हणाली, "सगळं तसंच आहे रे. मान तशीच. पण बाबू… हे उजव्या हाताने का कापतायत?"

आरसा! अहो, तो आरसा! महिनाभर त्या सॉफ्टवेअरने मला उलटं दाखवलं आणि उलटंच साठवलं! आत्या मलाच समजावतेय, "असू दे रे, छान आहे." पण स्वतःचा डावा हात उचलून हवेतच कात्री चालवून बघतेय. ज्या हातांसाठी एवढं केलं, तेच हात चुकले!

सुलटं करायचं बटण आहे की त्यात! पण राखाडी. कितीही दाबा, ढिम्म. ते फक्त पैसे भरलेल्यांसाठी.

बायकोने फडकं जागेवर ठेवलं. म्हणाली, "नीट करून द्या त्यांना. आणि तोवर टेबल हलवू नका. हे सॉफ्टवेअर नवं काय काढेल, सांगता येत नाही."

मी अपडेटला फोन लावला. "उलटं झालंय? अरे, दोन मिनिटांचं काम! त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. चार आहेत, चांगली आहेत. कोणतं घेतोस?"

म्हटलं, सांग बाबा सावकाश. मी उभाच आहे.