रुसकं सफरचंद

दाताच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेला गाल धरून बसले होते. पण शेजारच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं कानावर आलं आणि त्यांचा ठणका मागे पडला. म्हातारीनं घर विकलं होतं आणि तरुणीनं ते घेतलं होतं, एवढं त्यांना कळलं.

“काकू, रागावू नका, पण मागचं सफरचंदाचं झाड आज पाडतेय. संध्याकाळी तोडणारा येणार आहे.”

“अगं बाई! झाडानं तुझं काय घोडं मारलंय?”

“थंडीआधी एक फळ चावलं, तर तोंड वाकडं झालं. त्यापेक्षा दगड बरा!”

“तोडलंस आणि लगेच चावलंस?”

“मग काय, आधी त्याची परवानगी काढायची?”

“थांबायचं, बाळ. घरात आम्ही त्याला रुसकं म्हणायचो. आजेसासऱ्यांनी कलम बांधलेला जुना वाण, आता शोधून सापडायचा नाही. पेंढ्यात घालून थंडीभर ठेवलं की रुसवा जातो.”

“काहीतरीच!”

“हे घे. तुझ्याच झाडाचं, घर सोडताना नेलेलं, थंडीभर पेंढ्यात ठेवलेलं.”

“हे? किती सुरकुतलंय!”

“मी काय कमी सुरकुतलेय? चाव.”

“शिंपीकाका, या आत!” डॉक्टरांनी हाक मारली.

“दुसऱ्या कुणाला तरी घ्या हो,” काका कुजबुजले.

तरुणीनं एक घास घेतला. मग लगेच दुसरा घेतला.

“काकू, पेंढा कुठे मिळतो हो?”

“त्याच घराच्या माळ्यावर रचून ठेवलाय, तुझ्यासाठीच. आधी त्या तोडणाऱ्याला फोन लाव.”