शीलाच्या पत्रिकेची शेवटची ओळ

—नाही, तारीख बरोबर आहे, चष्मा लावून वाचा. सत्तावीस डिसेंबर दोन हजार नऊ, रविवार, सकाळी साडेअकरा. ऐन थंडीत लग्न काढलंत, मांडवात म्हातारे कुडकुडतील, पण ते तुमचं तुम्ही बघा. वर बुद्धाचं चित्र सांगितलंत तेच आहे. बसा शिवरामभाऊ. शाई ओली आहे, गठ्ठा इतक्यात बांधत नाही. परवा उभ्या उभ्या तमाशा पाहून गेलात, आज बसून घ्या.

हसताय कशाला? हरवली होती तुमच्या लेकीची पत्रिका. हो, हरवली होती. पण माझ्या टेबलावरून नव्हे, त्या कपाटातून. कपाट म्हणजे — हे नव्हे, हे लोखंडी आहे, याला किल्ली आहे. ते इंटरनेटवरचं. आमच्या सुनेने आणलं, अस्मिताने. तिचा नवरा महेंद्र, माझा मुलगा, कंपनीत जातो, तो म्हणतो याला क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. अहो, ढगात कोणी संसार मांडतं का? ती तिकडे बदलापूरला, शिरगावात, पोर पाळण्यात टाकून पत्रिका मांडते, आणि तीच पत्रिका इथे अंबरनाथला माझ्या कम्प्युटरवर आपोआप येते. फोल्डर एक, दिसतो दोन ठिकाणी. आधी महेंद्र पेन ड्राइव्हमध्ये घालून आणायचा — एकदा तो डब्यात निघाला, वांग्याच्या भाजीत. आता तो त्रास नाही. आता दुसरा.

काम झपाट्याने होतं म्हणे. होतं ना. तुमचंच घ्या. पुण्याच्या मेव्हण्याला तिथूनच प्रूफ दाखवलं, घरबसल्या. त्याने वाचलं काय — निमंत्रकांत माझं नाव तिसरं का, पहिलं करा. मग नाशिकची आत्या बघणार, तिचं नाव खालच्या ओळीत कसं. पूर्वी प्रूफ तुम्ही एकटे वाचायचात आणि चूक तुमची असायची. आता सगळी भावकी वाचते आणि चूक माझी. — हो, मेव्हण्याचंच नाव वर ठेवलंय, तोंड वाकडं करू नका. मांडव तो घालतोय हे तुम्हीच सांगितलंत.

तर हरवली कशी. मशीनने खाल्ली, असं परवा मी तुम्हाला सांगितलं. मशीनला काय भूक लागते? ऐका. मी तिसरी शिकलो. पुढची अक्षरं शिशाच्या खिळ्यांवरून शिकलो, उलटी. तेव्हा छापखान्यात एकच शिस्त — काम छापून झालं की जुळवलेला मजकूर मोडायचा, खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. नाहीतर उद्याच्या कामाला अक्षरं आणायची कुठून? ही बया एकही मजकूर मोडत नाही. गेल्या वर्षी लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, तरी पत्रिका उभ्याच्या उभ्या. म्हणे, बाबा, राहू द्या, जुनीवरून नवी अर्ध्या तासात होते. अहो पण एवढा पसारा — शनिवारी झाडलोट करायची माझी जुनी सवय. दुकान झाडलं, मशीन पुसलं, तुमचं प्रूफ छापून टेबलावर पडलेलं, म्हटलं हेही काम झालं, आणि मग कम्प्युटर उघडून तिथलंही — असं काय बघताय? इथलं काढलं की तिथलंही जातं हे मला कोणी सांगितलं होतं? सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, ते वेगळं.

परवा तुम्ही दारात, आणि मी तिला फोन लावला. काय बोललो ते तुम्ही ऐकलंत. घर सांभाळायची अक्कल नाही, गिऱ्हाइकाचं काम काय सांभाळशील. माहेरचं काढलं, तेही ऐकलंत. ती म्हणाली, बाबा, दहा मिनिटं द्या. तुमचं पाणी पिऊन होईस्तोवर सगळं जागेवर. काढून टाकलेलं तिथे काही दिवस बाजूला राहतं म्हणे, आणि कोणाच्या कम्प्युटरवरून काढलं तेही दिसतं. दिसलं असणार तिला. तुमच्यासमोर एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी महेंद्र तिचा निरोप घेऊन आला. शीलाची पत्रिका पुरी करून देते आणि काम सोडते. उल्हासनगरला एक सिंधी शेठ आहे, त्याचा छापखाना, तो कधीचा बोलावतोय. पगाराचं नाही भाऊ. तिचं मागणं एकच होतं, दिवाळीपासून. पत्रिकेच्या तळाशी बारीक ओळ असते ना, छापणाऱ्याची, तिथे माझ्या नावाशेजारी तिचं नाव. मी म्हटलं, लोकांच्या लग्नात सुनेचं नाव छापायला आपण काय वधूपक्ष आहोत? आणि हसलो. ती नाही हसली. आता ती गेली तर — मशीन आहे, कागद आहे, मी आहे. तिघंही बसून राहू.

माफी? सासऱ्याने सुनेची? — चहा घ्या तुम्ही, निवतोय.

काल सकाळी तुमची पत्रिका उघडली. एका बोटाने एकेक अक्षर शोधून टाकलं. फोन केला नाही, निरोप धाडला नाही. सेव्ह केलं. इथे केलं की तिथे दिसतं, एवढं आता मला कळतं. दुपारपर्यंत काही नाही. चार वेळा उघडून बघितलं — म्हणजे, कामासाठी. दिवेलागणीला त्याच फोल्डरमध्ये नवी फाइल आली, वांगणीच्या कोणाचं बारसं. आणि तुमच्या पत्रिकेत तिचं नाव मी जरा ठळक टाकलं होतं, ते तिने माझ्या नावाएवढं केलं. मोठं नाही, लहान नाही.

वाळली शाई. हा घ्या गठ्ठा. तळाची ओळ इथे वाचू नका, घरी जाऊन वाचा. परवाचं तुमच्यासमोर झालं होतं, म्हणून तुमच्याच पत्रिकेवर फेडलं. फिटलं.

या आता.