कर्णधाराला बाहेर बसवणारा माणूस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा श्रीमती मॉरीन फिअरन, व्यासपीठावरील मान्यवर, मागच्या बाजूला आधीच ग्लास रिकामे करून बसलेले सँडरिग क्लबचे आजी-माजी खेळाडू, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय ते आल्विन टॅलेंटायर व हिल्डावहिनी,

रग्बी लीगच्या प्रशिक्षकाला निरोप द्यायला पंचाला उभं करायचं, ही कल्पना कुणाची? आल्विननी मला आयुष्यभर आंधळा म्हटलं, बहिरा म्हटलं. एकदा तर भर सामन्यात ओरडले, "क्लिफर्ड, अरे तुझ्या आईला तरी दिसलं का रे ते?" माझी आई प्रेक्षकांतच होती. ती उठून म्हणाली, "आल्विनचंच बरोबर आहे!"

खाण बंद पडल्यावर या माणसानं बस चालवली आणि संध्याकाळी आमच्या पोरांना घडवलं. बसमध्येही स्वस्थ बसवत नसे. एकदा एका पाद्रीबाबांना आरशातून दटावलं, "पोक काढू नका, खांदे मागे!" पाद्रीबाबा अजून ताठ चालतात. आजही आलेत, बघून घ्या.

पण थट्टा पुरे. चषकाच्या त्या उपांत्य सामन्याविषयी मला बोलायचंय. तुम्हाला तो सँडरिग हरलं म्हणून आठवतो. मी मैदानात होतो, मला वेगळा आठवतो.

आपण पुढे होतो. शेवटची काही मिनिटं उरलेली. कर्णधार गार्थ इस्मे प्रतिस्पर्ध्याला पाडायला गेला आणि त्याच्या डोक्यावर गुडघा बसला. मी खेळ थांबवला. गार्थ उठला, हसला, म्हणाला, "काही नाही झालं." तेव्हा डोक्याच्या दुखापतीचे आजचे नियम नव्हते; निर्णय प्रशिक्षकाचा. आल्विन धावत आत आले.

"गार्थ, सकाळी काय खाल्लंस रे?"

"लापशी. आईनं केलेली."

गार्थची आई, आपली डोरीन, आदल्याच हिवाळ्यात गेली होती.

आल्विन त्याचा हात धरून बाहेर निघाले. गार्थ हिसडे देत होता, "सोडा मला! आज बाहेर काढलंत तर जन्मात तुमचं तोंड बघणार नाही!" आल्विन एवढंच म्हणाले, "नको बघूस. पण माणसं ओळखण्याइतका शुद्धीवर राहा."

प्रेक्षकांनी शिव्यांचा पाऊस पाडला. कुणीतरी खिम्याची गरम पेस्ट्री फेकून मारली, ती माझ्या पाठीवर फुटली. नेम आल्विनवर होता, पण सँडरिगकरांचा नेम तो. गार्थविना बचावाची फळी मोडली, आपण हरलो. आठवड्याच्या आत क्लबच्या मंडळानं आल्विनना काढलं. त्यांच्या बसमध्ये लोक चढेनात. हिल्डावहिनींना मटणवाल्याच्या दुकानात "काय हो, कसं वाटतं आता?" असं विचारणारे होते. त्यांतले काही आज पहिल्या रांगेत आहेत. नावं घेत नाही, सूप गार होईल.

आणि गार्थ? दोन हंगाम त्यानं शब्द पाळला. रस्त्यात आल्विन दिसले की पलीकडे जायचा. मग आपला क्लब तळाला गेला, नवे प्रशिक्षक आले तसे गेले. एका रविवारी सगळा संघ टॅलेंटायरांच्या दारात. पुढे गार्थ. हिल्डावहिनींनीच मला सांगितलं, तो दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला, "माझा राग अजून गेलेला नाही. मंगळवारी सराव किती वाजता?"

"नेहमीच्या वेळेला," आल्विन म्हणाले, "आणि दाढी करून ये."

गेल्या महिन्यात मुलींच्या संघाचा सामना होता. गार्थची लेक टॅम्सिन डोक्यावर आपटली. मी कडेला बसलो होतो, आल्विन माझ्या शेजारी. ते गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले, तेवढ्यात गार्थ मैदानात पोचलादेखील. टॅम्सिन बापाला जे बोलली त्यासाठी मी तिला बाहेरच काढलं असतं, पण ती बापाच्या खांद्यावरून आधीच बाहेर येत होती. आल्विन पुन्हा खाली बसले.  मग म्हणाले, "क्लिफर्ड, आता मी घरी बसायला हरकत नाही."

म्हणून आज आपण इथे जमलो आहोत.

आल्विन, तुमचे आभार मानायला मला मंडळानं पाच मिनिटं दिली होती, ती मी ओलांडली. हिल्डावहिनी, तुम्ही त्यांना आमच्यासाठी मोकळं सोडलंत, तुमचे आभार वेगळे. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. आल्विननी मात्र सांभाळून घेऊ नये, मला ओरडा खायची सवय आहे. उद्यापासून कुठून मिळणार?