नजरेला शंभरात चार

— नाही, नाही, पाय सैल सोडा. बोटं आत ओढून घेतलीत की माप चुकतं. आणि मी तुमच्या तोंडाकडे असा टक लावून बघतोय म्हणून बिचकू नका, ते मला शिकवलंय. कोणी म्हणजे, फोनने. सव्वीस वर्षं या स्टुलावर बसून माणसांचे पाय बघतोय हो, तोंड बघायची वेळ कधी आली? पण मालकांच्या मुलाने दुकान हातात घेतलं आणि एक ॲप आणलं — आपण बोलायचं, फोन आपल्याला बघतो, मग मार्क देतो. नजर किती, हसू किती, हात कसे. मला नजरेला शंभरात चार. ते चारसुद्धा मी मधे पंख्याकडे बघितलं त्याचे असतील. तो म्हणाला, काका, महिन्याभरात साठ झाले नाहीत तर तुम्ही गोदामात. आता गोदामात नुसती खोकी — मी दिवसभर बोलणार कुणाशी?

मग घरी सराव. फोन साखरेच्या डब्याला टेकवला, समोर माणूस लागतो म्हणून बायकोला खुर्चीवर बसवलं. ‘या बाई, काय दाखवू?’ म्हणून बघतो तर तिच्या डोळ्यांवर चष्मा. म्हटलं, हा कधी लागला? म्हणाली, दोन वर्षं झाली. आवाज चढवून नाही हो, भाजीचा भाव सांगावा तशी. भांडली असती तर चाललं असतं मला. पण ती म्हणते, विचारा पुढे, गिऱ्हाईक खोळंबलंय. मग विचारलं — काय विचारलं? गुडघा कसा आहे, दुपारी एकटी काय करतेस — बुटांचं राहूनच गेलं. फोनने दिले एक्याऐंशी.

इथे दुकानात एकसष्ट पडले, काठावर. स्टूल वाचलं, ॲप काढून टाकलं. मग सराव संपला? तेच तर — ती अजून रोज ओटा पुसून झाला की खुर्ची ओढून बसते, आणि मी फोन टेकवतो. बंद फोन. तिला वाटतं चालू आहे. म्हणजे, मला वाटतं की तिला तसं वाटतं. परवा म्हणाली, पडदा काळा का दिसतो? म्हटलं, नवी पद्धत आहे. ‘असेल,’ म्हणाली, आणि केस सारखे करून बसली —

हे तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी. उठा, चार पावलं चाला. त्या आरशात बूट बघा, माझ्याकडे नको.