पूर्वेला उतू गेलेलं दूध

इंदिरानगरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या प्रोजेक्टची पानं निघत होती. पुढे घरमालकीण गिरिजम्मा आणि हासनहून नोकरीला आलेली स्फूर्ती भाडेकरार टाईप करून घेत होत्या. आता कान बंद कसे ठेवणार, सांगा!

“थांब रे, हिचं नाव खोड. खोली मी दुसऱ्याला देतेय.”

“आंटी! परवा ‘खोली तुझीच’ म्हणालात ना?”

“म्हणाले असेन. आज समोरच्या कॅफेचा मॅनेजर आला, त्याला हवीय.”

“वा! ओटा, पलंग, न्हाणी एका खोलीत कोंबायची, तिला स्टुडिओ म्हणायचं, आणि वर शब्द फिरवायचा!”

“कोंबलेली आहे तर सोड की. हासनला अंगण असेल तुमचं, तिथे जा.”

“कशी जाऊ? आईने सकाळीच तुमच्या त्या खोलीत गृहप्रवेशाचं दूध उतू घालवलंय.”

“काय? मी किल्ली झाडून घ्यायला दिली होती!”

“झाडलंच. मग मुहूर्त होता. आई म्हणाली, करार काय, दुपारी होईल.”

“सही नाही, शिक्का नाही, आणि माझ्या घरात तुमचं दूध?”

“हो! आता दूध उतू गेलेल्या घरातून मला बाहेर काढा. काढाच! आणि तुमच्या मॅनेजरलाही सांगा, कोणाला काढून त्याला आत घेतलं ते.”

टाईप करणाऱ्याची बोटं थांबली. गिरिजम्मा तिच्याकडे वळल्या.

“कुठल्या बाजूला गेलं?”

“पूर्वेला. ओट्यावरून पार खालपर्यंत.”

“पूर्वेला म्हणजे घराची भरभराट, ती कोण घालवणार! बघतोस काय रे माझ्याकडे? लिही तिचं नाव! आणि खाली कलम घाल, ओटा आजच्या आज घासून द्यायचा!”