कुलरसमोरची खुर्ची आणि शेवटची ओव्हर

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आमच्या मुख्याध्यापिका उज्वला मॅडम. संस्थेचे सचिव आदरणीय धोंडप्पा अण्णा. आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे गणिताचे संगमेश्वर सर आणि सौभाग्यवती बसम्मा वहिनी. सहकारी शिक्षक, चाकूरकर पालक आणि मागं दंगा करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी बजरंग, या शाळेचा खेळशिक्षक. सरांबद्दल चांगलं बोलायला मला उभं केलंय. बोलतो. पण आधी एक कबूल करतो. या माणसाचा मला एकोणीस वर्षं हेवा वाटत आलाय. शेजारच्या खुर्चीवर बसून हेवा करणं काय असतं, ते केल्याशिवाय कळायचं नाही.

अण्णांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दरवर्षी मार्चमध्ये, टी-ट्वेंटीच्या स्पर्धेआधी, शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही आठ जण स्टाफरूममध्ये कागदावरच्या टीम काढतो. खडूच्या खोक्यातून नंबराच्या चिठ्ठ्या निघतात. आपला नंबर आला की एक खेळाडू उचलायचा. तो मग दुसऱ्याला मिळत नाही. मैदानावर तो जे करेल त्याचे गुण आपल्याला. पैशाचा संबंध नाही, मॅडम. दर सोमवारी जो पुढं असेल त्याला आठवडाभर कुलरसमोरची खुर्ची, एवढंच. पण चाकूरचा एप्रिल ज्यानं काढलाय, त्याला त्या खुर्चीचं मोल मी काय सांगावं?

गेली नऊ वर्षं ती खुर्ची बहुतेक सरांकडंच. या माणसानं बॉल हातात धरला तो फक्त वर्गाची काच फुटल्यावर जप्त करायला! आणि मी जिल्ह्याकडून बॉलिंग केलेला. जळणार नाही तर काय होईल?

आम्ही सगळे बॅट्समनच्या मागं, आणि सर उचलायचे शेवटच्या ओव्हरचे बॉलर. तेही असे, की नाव ऐकून आम्ही हसायचो. यंदा पहिली चिठ्ठी माझी निघाली. आणि आता हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही; सर हात धुवायला गेले तेव्हा त्यांची खेळाडूंची वही उघडी राहिली होती. मी वाकून पाहिलं. बॉलरांच्या यादीत सगळ्यात वर, गेल्या वर्षी सर्वांत जास्त विकेटी घेणाऱ्याचं नाव. तोच मी उचलला. सरांनी आपल्या नंबरावर दुसराच बॉलर उचलला. दुसऱ्या आठवड्यात कप्तानानं त्याला शेवटची ओव्हर देणं बंद केलं. मी आठव्या नंबरावर गेलो. खुर्ची सरांची.

मग कळलं, सर यादीत सगळ्यात वर लिहायचे ते टाळायचे बॉलर. चुकीचे पर्याय आधी बाजूला काढा, हे ते दहावीच्या पोरांना तीस वर्षं शिकवत आलेत. मी त्याच पोरांना ग्राउंडवर पळवत होतो, माझ्या कानावर कधी आलं नाही.

हे मला सांगितलं सृष्टी मॅडमनी. कॉम्प्युटर शिकवायला येऊन त्यांना वर्ष झालं नाही, आणि सरांनी जाताना ती वही त्यांना दिली. हे मात्र मला झोंबलं. खुर्चीचं एवढं नव्हतं. परवा न राहवून मी सरांना म्हणालो, "एकोणीस वर्षं शेजारी मी बसलो, अन् वही तिला?"

सर म्हणाले, "तिनं विचारलं, बजरंग. तू कधी विचारलंसच न्हाई. नुसता जळत बसलास."

सरांनी सृष्टी मॅडमना सांगितलंय, नुसत्या विकेटी मोजू नका. सिक्स खाल्ल्यावर बॉलर पुढचा बॉल कसा टाकतो ते बघा, आणि अडचणीत कप्तान कोणाकडं बघतो ते बघा. उज्वला मॅडम, शाळेची तपासणी आली की तुम्ही कोणाकडं बघायचात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचाही मला हेवा वाटायचा. आता सोमवारी ती खुर्ची रिकामी असेल, आणि मला तिच्यावर बसावंसं वाटत नाही.

अण्णांनी वेळ काढला, वहिनींनी अख्ख्या शाळेला पुरतील एवढ्या शेंगापोळ्या आणल्या, तुम्ही सगळ्यांनी माझी जळजळ शांतपणे ऐकून घेतली, सर्वांचे मनापासून आभार. बोलताना तोल गेला असेल तर तो, आणि वही चोरून पाहिली तेही, पोटात घाला.

आणि सर, उशीर झालाय, पण आज विचारतो. सिक्स तर मी खाल्लाय. पुढचा बॉल कुठं टाकू?